मनगटावरची बोटं

समुपदेशन या शब्दात 'उपदेश' बसलेला आहे आणि माझ्या कामाची निम्मी अडचण तिथूनच सुरू होते. लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानावर माझी खोली आहे. जिना चढून येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाला तरी घेऊन येतं आणि त्याच्याकडे हात करून म्हणतं, "ह्याला जरा समजवा." नवऱ्याला समजवा, सुनेला समजवा, पोराला समजवा. मी खुर्ची पुढे करते, पाणी देते आणि समजावण्याचं काम तेवढं टाळते. ज्याला समजवायला आणलेलं असतं, त्याला घरच्यांनी आधीच पुरेसं समजावलेलं असतं.

त्या वर्षी आषाढ संपत आला असताना एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. भुशी धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वस्ती. मुलगी नववीतली. अंगात शाळेचा गणवेश होता, पण दप्तर नव्हतं. शाळा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते आणि ती एकदाही वर्गात गेली नव्हती.

"म्याडम, हिला समजवा," आई बसता बसता म्हणाली. "बाप सांगतो ते ऐकत न्हाई. घरात भांडनं लय वाढल्यात."

"वडील काय सांगतात?"

"घरी बस म्हन्त्यात. पाऊस सरल्यावर जा शाळंला."

मुलगी खिडकीकडे बघत होती. मी आईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. पाण्याचा पेला घ्यायला मुलीने हात पुढे केला तेव्हा कुर्त्याची बाही वर सरकली. मनगटावर निळसर डाग होते. वरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला एक. डागांचा अर्थ लावायला शिक्षण लागत नव्हतं. ती बोटं होती.

अशा वेळी घाई केली तर समोरचं माणूस मिटून जातं, आणि उशीर केला तर त्याची किंमत त्याला घरी जाऊन मोजावी लागते. मी तिला आधी नियम सांगितला. इथे बोललेलं इथेच राहील. पण कुणी तुला इजा करत असेल, तर तेवढी एक गोष्ट मला पोटात ठेवता येणार नाही. मग विचारलं, "तुला घरी कुणी मारतं का?"

"नाही."

"मग हे?"

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "बाबा मारत नाहीत. धरतात."

ओढ्यावर धरतात, म्हणाली. विहिरीवर धरतात. रस्त्यावर गाडी आली की धरतात. झोपल्यावरही मधूनच येऊन बघून जातात. शाळेच्या आणि धरणाच्या वाटेवर ओढा आहे, त्यावर साकव आहे, तो ओलांडताना बाबांनी असं धरलं की हात बधिर झाला. आणि साकव संपला तरी सोडलंच नाही, तसंच घरी परत आणलं. "मला काही झालेलं नाही, मॅडम. बाबांना झालंय. पण त्यांना इथं कोण आणणार?"

मी आईला आत बोलावलं आणि मनगटाबद्दल विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मारत न्हाईत वो. लय जीव हाय त्यांचा तिच्यावर." मी तिला स्पष्ट सांगितलं, की जीव असला तरी हे डाग पुन्हा दिसले तर मला बालकल्याण समितीला कळवावं लागेल, आणि मी कळवीन. तिचा चेहरा उतरला. तरी पुढच्या आठवड्यात तिने नवऱ्याला पाठवलं. काय सांगून पाठवलं ते मला माहीत नाही.

गडी थोराड होता. पावसाळ्यात धरणाच्या पायऱ्यांशी मक्याची कणसं आणि भजी विकायचा, उरलेलं वर्ष शेती. आत आला तो दार उघडंच ठेवून बसला, जिना दिसेल अशा बेताने.

"पोरीनं काय सांगितलं तुमाला?"

"ते मी सांगणार नाही, भाऊ."

"मी बाप हाय तिचा."

"हो. आणि तुम्ही मला काय सांगाल, तेही मी तिला सांगणार नाही."

तो उठला. खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. "मंग माझं हितं काय काम न्हाई," म्हणाला आणि खाली गेला. मी खिडकीतून पाहिलं. दुकानाच्या पडवीत तो उभा होता, भिजत नव्हता आणि जातही नव्हता. खाली जाऊन त्याला बोलवावं असं मला फार वाटलं. गेले नाही. या खोलीत माणसाने स्वतःच्या पायांनी यावं, असं मी मानते. ओढून आणलेलं माणूस खुर्चीत बसतं, पण आलेलं नसतं. अर्थात हे मानणं सोपं आहे. घरी एका मुलीचा हात कुणाच्या मुठीत आहे हे ठाऊक असताना तो आठवडा काढणं सोपं नव्हतं. मी शाळेच्या बाईंना फोन करून तिच्या घरी चक्कर मारायला सांगितलं. त्या जाऊन आल्या. नवे डाग नव्हते.

पुढच्या खेपेला तो आपणहून आला. या वेळी दार लोटलं. खाली गुळाचा पाक चढला होता, त्याचा वास खोलीभर झाला.

मग म्हणाला, "गेल्या साली पान्यात उतरलो व्हतो."

पर्यटक पाण्यात अडकले की वस्तीवरच्या तीन-चार जणांना हाक यायची, त्यांत हा पहिला. लहानपणापासून त्याच पाण्यात वाढलेला. गेल्या पावसाळ्यात धबधब्याखालच्या कातळावर काही माणसं फोटो काढत बसली होती आणि वरून लोंढा आला. कमरेला दोर बांधून हा उतरला. दोघांना त्याने काठाला लावलं. तिसरी एक मुलगी होती, त्याच्या मुलीच्या वयाची. तिचं मनगट त्याच्या हातात आलं.

"काका, सोडू नका म्हनली."

तो थांबला.

"मी म्हनलो, न्हाई सोडत."

वरची माणसं दोर ओढत होती. पाणी मुलीला खाली ओढत होतं. हात ओला. त्याने आपला तळवा माझ्यासमोर उघडला आणि पाहत राहिला. "निसटली," म्हणाला.

दोन जीव वाचवले म्हणून गावाने त्याला शाल आणि नारळ दिला होता. मोबाइलवर त्याचा फोटो फिरला. सगळे त्याला सांगत होते, तुझी काही चूक नाही. पुढाऱ्याने सांगितलं, मेहुण्याने सांगितलं, बायकोने रोज सांगितलं. माझ्याही ओठांवर तेच वाक्य आलं होतं. ते खरंही होतं. पण जो तो ते वाक्य त्याच्या हातात ठेवून निघून गेला होता, आणि त्यापुढे बोलायची सोय त्याला उरली नव्हती. चूक नाही म्हटल्यावर माणसाने रडायचं तरी कशासाठी?

म्हणून मी म्हटलं, "त्या मुलीला तुम्ही शब्द दिला होता."

"व्हय."

"आणि तो राहिला नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की आता हा पुन्हा उठणार असं मला वाटलं. तो उठला नाही. तोंडावर उपरणं घेतलं आणि खांदे हलायला लागले. वर्षभरात कुणीही त्याला ही गोष्ट तो जशी बघत होता तशी सांगू दिली नव्हती.

त्यानंतर तो नेमाने येऊ लागला. मी त्याला विचारलं, तुम्हाला काय हवंय? तो म्हणाला, "पोरगी शाळंत जावी. पन मला दिसत ऱ्हावी." दोन्ही एकदम होणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. त्यानेच मग एकेक पायरी ठरवली. आधी ती अंगणात, तो घरात. मग ती विहिरीवर, तो अंगणात. छातीत धडधड सुरू झाली की पळत जायचं नाही, पाय जमिनीला टेकवून उभं राहायचं आणि ती ओसरेपर्यंत थांबायचं. मुलीशीही मी वेगळी बोलत होते. तिला राग होता आणि त्या रागाची तिला लाज वाटत होती. वाचवणाऱ्या बापावर रागवायचं कसं? मी म्हटलं, राग राहू दे, फक्त तो शब्दांत सांगता येतो का बघ.

श्रावणात एका सकाळी साकवाची पायरी आली. त्याने मला येता का विचारलं. मी आदल्या दिवशी जाऊन साकव पाहून आले होते. लोखंडी, दोन्हीकडे कठडा, पाणी फळ्यांच्या बरंच खाली. तरीही त्या सकाळी तांबडं पाणी खालून गर्जत जात होतं आणि मला मनातून वाटत होतं, की काही झालं तर तू काय तोंड दाखवशील?

ठरल्याप्रमाणे त्याने मुलीला साकवाच्या तोंडाशी सोडायचं आणि तिने एकटीने पलीकडे जायचं. आई मागे उभी होती. तो मुलीचं मनगट धरून तोंडाशी आला आणि थांबला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही धरलं की मला पाऊल टाकता येत नाही."

तिने हे वाक्य किती दिवस जुळवलं होतं ते मला माहीत होतं. तो ऐकत होता. "सोडतो," म्हणाला. हात सुटला नाही. "सोडतो गं," पुन्हा म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून बारीक आवाजात म्हणाला, "म्याडम, उगडत न्हाईत."

बोटं पांढरी पडली होती. आई पुढे झाली, एकेक बोट सोडवायला. मी तिला अडवलं. "वहिनी, नको." त्याच्या हातातून कुणाला तरी ओढून घेण्याची गोष्ट एकदा घडून गेली होती, ती माझ्यासमोर पुन्हा घडायला नको होती. मी त्याला म्हटलं, "आज नाही झालं तर नाही झालं. घरी जाऊ." वळल्यावर दहा-बारा पावलांनी बोटं आपोआप सैल झाली. मुलगी मनगट चोळत पुढे निघून गेली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कामातनं गेलेला मानूस हाय."

मी ते वाक्य हलकं घेतलं नाही. वस्तीवरच थांबून त्याच्याशी बोलले, तळेगावच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊ का विचारलं, तो हो म्हणाला. बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, की आज त्यांना एकटं ठेवू नका. मग खोलीवर परतले.

दुपारी तिचा फोन आला. ती गोठ्यात गेली तेवढ्यात तो घरातून गेला होता. चपला घरी होत्या, मोबाइल घरी होता.

मी धरणाकडे रिक्षा केली. वाटेत पोलीस चौकीला आणि त्याच्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या एकाला फोन केला. सुट्टीचा वार नसल्याने धरणावर गर्दी नव्हती, धुकं मात्र होतं. पायऱ्यांशी बायको भेटली. मुलीला घरीच बसायला सांगून ती आली होती. तिने वरच्या दिशेला हात केला. आम्ही वर चढलो.

तो त्याच कातळावर बसला होता. पाणी त्याच्या पावलांपासून हातभर अंतरावरून वाहत होतं. मी बायकोला मागेच थांबायला सांगितलं आणि त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, मी येतेय." शेवाळावरून बसत-सरकत गेले आणि थोडं अंतर सोडून बसले. माझे हात थरथरत होते. मी ते मांड्यांखाली दाबून धरले.

असा प्रश्न विचारू नये, विचारला तर नसलेला विचार डोक्यात येतो, असं लोक मानतात. माझा अनुभव उलटा आहे. मी सरळ विचारलं, "जीव द्यायला आलात का?"

तो दचकला नाही. "आलो तवा ठाव नव्हतं."

"आणि आता?"

"आता बी ठाव न्हाई."

"ठीक आहे. तुम्हाला कळेपर्यंत मी इथे बसते. पण एक करा, पाण्यापासून थोडे मागे सरका. मला पोहता येत नाही आणि मला भीती वाटते."

त्याने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. मग सरकला. फार नाही, पण सरकला.

त्याला परत आणायला मुलीचं नाव घ्यावं, बायकोचं नाव घ्यावं, असं मनात येत होतं. मी घेतलं नाही. त्यांच्याच ओझ्याने तो वाकला होता. मी त्याला गेल्या वर्षी इथे कुठे, काय झालं ते विचारत राहिले, आणि तो हात करून दाखवत राहिला. दोर तिथून, लोंढा तिकडून, ती इथे. सांगता सांगता त्याचा आवाज परत येत होता.

मागून आवाज आला. बायको कुणाला तरी ओरडत होती. धुक्यातून मुलगी चढून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, धापा टाकत.

तो ताडकन उभा राहिला.

"कशी आलीस?"

"साकवावरनं."

"कोन व्हतं संगं?"

"कुणी नाही."

"येकटी?"

"मग काय, उडत येऊ?" ती ओरडली आणि रडायला लागली. "तुम्ही चपला घरी ठेवून आलात! मला काय वाटलं असेल?"

त्याचा हात पुढे गेला. तो मनगटाकडेच चालला होता, आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मुलगी मागे सरली नाही. म्हणाली, "धरू नका. मी बसते. इथंच बसते तुमच्याजवळ." आणि कातळाच्या कोरड्या कडेला, पाण्याकडे पाठ करून बसली. त्याचा हात हवेत राहिला. मग तो तिच्या शेजारी बसला. दोन्ही तळवे कातळावर टेकवले, उघडे, आणि तसेच ठेवले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. त्याचा सोबती आणि एक हवालदार खाली येऊन उभे होते. मी हाताने त्यांना थांबवलं. शेवटी तोच म्हणाला, "चला. हितं गारठा लय हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तळेगावला गेलो. गोळ्या सुरू झाल्या. वस्तीवर कुजबुज झाली, की वेड्याचा डॉक्टर लागला म्हणून. बायकोने दारात उभं राहून सांगितलं, डोक्याचा असो नायतर पोटाचा, डॉक्टर तो डॉक्टर. मुलगी शाळेत जायला लागली. पहिले काही दिवस तो साकवाच्या अलीकडे उभा राहायचा, पुढे अंगणात. मनगटावर पुन्हा डाग दिसले नाहीत. मी ते बघतच होते, आणि बघणार आहे हे त्याला सांगूनच बघत होते.

सगळं नीट झालं असं नाही. भाद्रपदात पुन्हा कुणीतरी पाण्यात अडकलं आणि वस्तीवरची माणसं दोर घेऊन त्याच्या दारात आली. तो म्हणाला, "मी न्हाई येनार." त्या माणसाचा जीव दुसऱ्यांनी वाचवला, तरी याच्याशी काही जणांनी बोलणं टाकलं. पुढच्या भेटीत त्याने मला विचारलं, "मी बरा झालो असतो तर गेलो असतो ना?" मी म्हटलं, मला माहीत नाही. बरं होणं म्हणजे पूर्वीसारखं होणं, असं त्याला वाटत होतं. त्याच्या बायकोलाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कधीकधी वाटतं. त्यावर आमचं पुढचे कित्येक आठवडे बोलणं चाललं. आता तो वस्तीवरच्या तरण्या पोरांना दोर बांधायला शिकवतो. पाण्यात उतरत नाही. पुढे उतरेल की नाही, हा त्याचा प्रश्न आहे.

भेटी थांबवायचं ठरलं त्या दिवशी तो जायला उठला आणि दारात थांबला.

"म्याडम, येक इचारू? त्या दिशी कातळावर तुमी भ्याला व्हता का?"

"हो. खूप."

"मला दिसलं व्हतं. तुमचं हात."

"मग काय वाटलं?"

"वाटलं, ही बाई बी भितीया, पन बसलीया. मंग मला बी बसता यील." एवढं बोलून तो ओशाळल्यासारखा हसला आणि जिना उतरून गेला. मुलगी यंदा दहावीला आहे.